तिसऱ्या दुकानाला फोन

तो पहिल्यांदा तिच्या दुकानात आला तेव्हा त्याने चष्मा भाजून आणला होता.

फुटलेला नाही, वाकलेला नाही — भाजलेला. वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती वस्तू त्याने काउंटरवर ठेवली आणि गुन्हा कबूल करायला आल्यासारखा दोन पावलं मागे सरकला. बाहेर पाऊस होता. त्याच्या केसांत पाणी होतं, भुवयांवर मैदा होता, आणि पाणी नि मैदा एकत्र आले की काय होतं ते त्याच्या कपाळावर स्पष्ट दिसत होतं.

तिने पुडी सोडली. दोन्ही काड्या वितळून एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या.

"किती वेळ ठेवला होतात?"

"वीस मिनिटं. ट्रेवर राहिला माझ्या हातून... बनांच्या मधोमध."

"आणि बन?"

"बन छान झाले," तो म्हणाला. मग डोळे बारीक करून तिच्याकडे बघत, "तुम्ही हसताय का? मला नीट दिसत नाहीये."

"नाही हो," ती हसत म्हणाली.

पुलाच्या कोपऱ्यावरची बेकरी त्याच्या मामाची. मामाचे गुडघे गेले, म्हणून हा नोकरी सोडून भट्टीशी उभा राहिला. मामा सगळ्यांचाच मामा होता, त्यामुळे हा आपोआप साऱ्या गल्लीचा भाचा झाला. शाळेत जाणारी पोरंसुद्धा "ए भाचा, दोन टोस्ट" म्हणायची. ती मात्र म्हणेना. नवा चष्मा घ्यायला तो आला तेव्हा त्याने कारण विचारलंच.

"तुम्हाला भाचा म्हटलं तर मी तुमची मावशी होईन," ती काड्यांचे स्क्रू पिळत म्हणाली. "अठ्ठाविसाव्या वर्षी नको वाटतं."

नवा चष्मा लावून तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला — नंबर बरोबर आहे ना ते तपासायला, असं त्याचं म्हणणं.

आता ही अशी गोड गोष्ट सुरू झाली म्हणून गल्लीत सगळं गोडच होतं असं समजू नका. त्या गल्लीत पावसाला कुणी छान म्हणत नसे. गल्ली उताराची. वरच्या टोकाला ओढ्यावरचा पूल, पुलाला लागून बेकरी, मग तिचं चष्म्यांचं दुकान, आणि तिथून खाली एकाखाली एक नऊ दुकानं. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी, महिनाभराचा पाऊस चार तासांत पडला. ओढा पुलावरून आत आला आणि गल्लीचा जिना करून उतरला. तिला आणि तिच्या वडिलांना काउंटरवर चढून उभं राहावं लागलं होतं. पाणी काउंटरच्या कडेला लागलं तेव्हा बाबांनी तिचं मनगट धरलं ते संध्याकाळी पाणी उतरेपर्यंत सोडलं नाही. मनगटावर उठलेली बोटं आठ दिवसांनी गेली. बाबा त्या दिवसापासून जिना उतरून दुकानात आले नाहीत. वर खिडकीशी बसून पाऊस ऐकत, आणि जोर वाढला की खाली हाक मारत, "पोरी, गटाराचा आवाज कसा येतोय गं?"

ती दारात जाऊन ऐकायची. आणि वर सांगायची, "नेहमीसारखाच, बाबा."

गल्ली रडत बसली नाही, याचं श्रेय औषधवाल्या बाईंचं. उतारावरचं चौथं दुकान त्यांचं. त्यांचं प्रत्येक वाक्य पाण्यासोबत गिळावं लागे, म्हणून मागे सगळे त्यांना डोसबाई म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. भाचा गल्लीत आला त्या वर्षी त्यांनी अकराही दुकानदारांना आपल्या गोदामात बसवलं आणि सांगितलं की हवा आता पूर्वीची राहिलेली नाही. पूर्वी पन्नास वर्षांनी एकदा यायचा तसा पाऊस आता दर दोन-तीन वर्षांनी येणार, जगाचं काय करायचं ते जग बघेल, आपण आपल्या गल्लीचं बघू. मग कामं निघाली. दर रविवारी ओढ्यात उतरून सगळ्यांनी गाळ आणि पिशव्या उपसायच्या. विजेचे मीटर डोक्याच्या वर न्यायचे. प्रत्येक दाराला खाचा करून त्यात बसतील अशा जाड फळ्या तयार ठेवायच्या. आणि पाण्याला पसरायला वर कुठेतरी मोकळी जागा हवी...

इथे सगळ्यांच्या नजरा भाच्याकडे वळल्या. मोकळी जागा एकच होती, बेकरीमागचं अंगण, आणि तिथे दुसरी भट्टी बांधायची हे मामाचं वीस वर्षांचं स्वप्न होतं.

"अंगण घ्या," भाचा म्हणाला. "एक भट्टी पुरते मला. मामांना मी समजावतो."

चष्म्याच्या दुकानात जन्म गेलेल्या मुलीला माणूस नीट दिसायला मात्र तो दिवस उजाडावा लागला.

अंगण हातभर खोल खणलं, गवत लावलं. आणि शेवटची गोष्ट म्हणजे फोनची साखळी. पुलाच्या खांबावर तीन पट्टे रंगवले: पिवळा, केशरी, लाल. पाणी केशरीला लागलं की भाच्याने दुसऱ्या दुकानाला, म्हणजे तिला फोन करायचा. तिने तिसऱ्याला, तिसऱ्याने चौथ्याला, असं करत खालच्या शिंप्याने फिरून भाच्याला सांगायचं की साखळी पूर्ण. कुणीतरी म्हणालं, ग्रुपवर एक मेसेज टाकला की झालं. डोसबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खुर्चीत खाली सरकला. मागच्या वेळी मेसेज टाकला होताच की — तो पस्तीस गुलाबांच्या आणि एका बारशाच्या फोटोंखाली सापडला, दुसऱ्या दिवशी, चिखल काढताना. म्हणून जिवंत तोंडाने जिवंत कानात सांगायचं. तीनच वाक्यं. "केशरीला लागलं. फळ्या लावा. पुढे सांगा." आणि दर बुधवारी बाराच्या ठोक्याला सराव. दहा मिनिटांत साखळी फिरली पाहिजे.

पहिल्या बुधवारी त्याचा फोन आला. तीन वाक्यं झाली. त्याने ठेवला नाही, तिनेही ठेवला नाही.

"तुमचा आवाज फोनवर वेगळा येतो," तो म्हणाला.

"कसा?"

"दुकानात तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलता. इथे... माझ्याशी बोलताय असं वाटतं."

ती काहीतरी बोलली, तो काहीतरी बोलला. भट्टी कधी रुसते, बाबांना काय वाचायला आवडतं, लहानपणी कोण कशाला घाबरायचं. फोन ठेवला तेव्हा सहा मिनिटं गेली होती. मग काकांना फोन न करता ती त्यांच्या पायऱ्या उतरून तोंडीच सांगून आली, आणि त्या दिवशी साखळी फिरायला सतरा मिनिटं लागली. दुपारी डोसबाई दुकानोदुकानी हिंडल्या आणि कोण कुठे अडकतंय ते मी शोधून काढणार आहे असं बजावून गेल्या.

प्रेमात पडलेलं माणूस चोरी करतं तेव्हा ती चोरी आहे हे त्याला कळतच नाही. दुसऱ्या बुधवारी पुन्हा सहा मिनिटं बोलणं झालं. आता ही मिनिटं भरून कुठून काढायची? तिसरं दुकान बाइंडरकाकांचं. रस्त्यापासून सहा पायऱ्या खाली, तळघरात. काकांचं दुकान जमिनीखाली आणि राग जमिनीवर. लहानपणी तिने एकदा त्यांचं ओलं पुस्तक उघडलं होतं, तेव्हाचं बोलणं तिच्या कानात अजून होतं. ते फोन सावकाश उचलणार, मग चारदा 'कोण' विचारणार, मग कामात खोळंबा केला म्हणून झाडणार... तिने सरळ चौथ्या दुकानाला, डोसबाईंना फोन लावला. त्यांनी विचारलंच, तू कशी, काका कुठे आहेत? तिच्या तोंडून निघून गेलं, "त्यांचे हात खळीने माखलेत बाई, त्यांनी मलाच सांगितलं तुम्हाला कळवायला."

साखळी नऊ मिनिटांत फिरली. डोसबाईंनी गल्लीला बिस्किटं वाटली. भाच्याकडचीच.

पुढच्या बुधवारी कुणी विचारलंही नाही. एक खोटं एकदा बसलं की पाटावर बसतं. असे सतरा बुधवार गेले. काकांच्या वाट्याची सहा-सहा मिनिटं त्या दोघांनी खाऊन टाकली, आणि त्याला बिचाऱ्याला तर तो खातोय हेही माहीत नव्हतं.

पाऊस आला तो मंगळवारी.

सकाळपासून आभाळ खाली आलं होतं. भरदुपारी दुकानात दिवे लावावे लागले. मग असा कोसळायला लागला की समोरची दुकानं पुसल्यासारखी नाहीशी झाली. बाबांनी वरून हाक मारली. ती दारात गेली. गटार आवाजच करत नव्हतं. ते भरून गप्प झालं होतं.

"कसा येतोय गं आवाज?"

ती आत वळली. तेवढ्यात फोन वाजला.

"केशरीला लागलं," तो म्हणाला. त्याच्यामागे पाण्याचा घोष ऐकू येत होता. "फळ्या लावा. पुढे सांगा."

"तुम्ही..."

"अगं ठेव. ठेव लवकर."

आयुष्यात पहिल्यांदा तो तिला अगं म्हणाला, आणि तिला त्या शब्दाची फक्त भीती वाटली. तिने फोन ठेवला आणि पुढचा लावला. डोसबाईंनी उचलला. तिने तीन वाक्यं सांगितली, त्यांनी "कळलं" म्हणून खाली कळवलं, मोठा खटका ओढून गल्लीची वीज बंद केली. तिने फळ्या ओढल्या. पहिली खाचेत बसली, दुसरी बसली. गल्लीतून खाडखाड खाली खाली जाणारे आवाज येत होते, एकेक दार बंद होत होतं, सगळं ठरल्यासारखं, आणि तिला क्षणभर बरंसुद्धा वाटलं. तिसरी फळी हातात घेतली तेव्हा शेजारचा आवाज आलाच नाही हे तिच्या लक्षात आलं.

तिसऱ्या दुकानाचा.

सतरा बुधवार जे बोट तिसरा नंबर सोडून चौथ्यावर जात होतं, ते आजही चौथ्यावरच गेलं होतं.

तिने काकांना फोन लावला. वाजला, वाजला, वाजून थांबला. पुन्हा लावला. रस्त्यावर आता घोट्याएवढं तपकिरी पाणी धावत होतं. ती दोन्ही फळ्यांवरून उडी मारून बाहेर आली. वरून बाबांची हाक आली. ती त्यांना काय ओरडून सांगत होती ते तिला स्वतःलाही ऐकू आलं नाही.

काकांच्या सहा पायऱ्यांपैकी चार दिसत नव्हत्या. खालचा तो चौकोनी खड्डा विहिरीसारखा भरत चालला होता आणि दार बाहेरच्या बाजूला उघडणारं होतं. त्यावर पाणी टेकून बसलं होतं. रस्त्याच्या पातळीला असलेल्या जाळीशी ती गुडघ्यांवर बसली. आत अंधार. अंधारात काका गठ्ठे उचलून टेबलावर ठेवत होते. शाळेची पुस्तकं, दोनशे तरी असतील. त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत पाणी होतं.

"काका, बाहेर या. पाणी येतंय."

त्यांनी मान वर केली. "चष्मे तू विकतेस. मला दिसतंय."

"दार ढकला."

"ढकलून झालं," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच तिला म्हाताऱ्या माणसाचा वाटला. "हलत नाही ते."

तिने भाच्याला फोन लावला. नंबर दोनदा चुकला. त्याने उचलल्यावर तिला जे सांगायचं होतं ते आधी आलंच नाही. दुसरंच आलं.

"मी काकांना फोन केला नाही."

"आत्ता?"

"कधीच. एकाही बुधवारी नाही. आपण बोलत बसायचो, मग वेळ भरून काढायला... मी त्यांना वगळायचे. ते आत अडकलेत. दार उघडत नाही."

पलीकडे एक श्वास. त्याने फोन ठेवला होता. आपल्याला टाकून दिलं असं तिला वाटलं, आणि ते योग्यच झालं असंही वाटलं.

तो आला तो धावत, भट्टीत पाव सरकवायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं खांद्यावर घेऊन. तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. पायऱ्या उतरला, कमरेपर्यंत पाण्यात गेला, आणि दाराच्या फटीत फावड्याची कड घालून अंगाचा सगळा भार टाकला. दार कण्हलं. बोटभर उघडलं. पाणी त्या फटीतून आत घुसलं, दार अजून वीतभर हललं, आणि तो तिरका होऊन आत शिरला. त्याच्यामागे पाणीही शिरलं. खड्ड्यातलं पाणी खाली गेलं आणि आत... आत काय झालं ते तिला दिसेना.

ती जाळीला तोंड लावून ओरडत होती. आत काळोख, आणि पाणी टेबलांवर आपटल्याचा आवाज. काहीतरी पडलं. कुणीतरी खोकलं. मग तेही थांबलं.

अशा वेळी माणसाला देव आठवतो म्हणतात. तिला एकच मैद्याने माखलेलं कपाळ आठवत होतं.

आधी काका बाहेर आले, दाराची कड धरून. काखेत एकच पुस्तक. ती पायऱ्या उतरली आणि दोन्ही हातांनी त्यांना वर ओढलं. मग तिने दाराकडे पाहिलं. दार रिकामं होतं. तिने एक मोजलं, दोन मोजलं. नऊपर्यंत मोजलं. दहा म्हणायचं धाडस होईना, म्हणून पुन्हा एकपासून सुरू केलं. चारला तो बाहेर आला. तळहात फाटला होता, नाकावर चष्मा नव्हता.

"फावडं आत राहिलं," तो म्हणाला.

ती त्याच्याजवळ गेली नाही. काकांना घेऊन आपल्या घराचा जिना चढली. वर बाबा दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांनी काकांना बघितलं, तिला बघितलं, आणि काही न विचारता कोरडे टॉवेल आणायला आत गेले.

त्या दिवशी गल्लीत गुडघ्याएवढंच पाणी आलं. बेकरीमागचं अंगण तळं होऊन गेलं आणि उरलेलं त्याने पोटात घेतलं. फळ्या टिकल्या. मीटर कोरडे राहिले. एकट्या काकांचं दुकान गेलं. दोनशे पुस्तकांतलं एक राहिलं.

तिसऱ्या दिवशी गोदामात बैठक झाली. चिखलाचा वास अजून भिंतींत होता. डोसबाईंनी सगळ्यांचं कौतुक केलं. साखळी आठ मिनिटांत फिरली होती. एकट्या काकांचंच असं कसं झालं, त्यांना वेळेवर कळूनही ते आत का थांबले, हे मात्र त्यांना उमगत नव्हतं. काका कोपऱ्यात बाबांचा सदरा घालून बसले होते. तो सदरा त्यांना आखूड होत होता.

ती उठली. तिच्यासोबत भाचाही उठला, आणि तिच्या आधी बोलला की फोनवर बोलत तोही होता. तिने त्याला हाताने थांबवलं. बोलत दोघं होतो, ती म्हणाली, पण वगळलं मी. मग तिने सगळं सांगितलं, खळीने माखलेल्या हातांच्या खोट्यासकट. आरडाओरडा झाला असता तर बरं, असं तिला वाटत राहिलं.

शेवटी काकांनी घसा खाकरला.

"फोन मी ड्रॉवरमध्ये ठेवतो. वाजला की सुरी घसरते. तू केला असतास तरी मी उचलला नसता," ते म्हणाले. "म्हणजे अर्धी चूक माझी." ते थांबले. "उरलेली अर्धी तुला जन्मभर पुरेल."

"तेच तर," डोसबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "एकदा जरी केला असता, तर पहिल्याच बुधवारी कळलं असतं की हे उचलत नाहीत. दुसऱ्या दिवशी मी तिथे घंटा बसवली असती. सराव त्याचसाठी असतो गं बाळा. पाणी यायच्या आधी चुका सापडाव्यात म्हणून."

ती रडली नाही. डोसबाईंच्या तोंडी बाळा हा शब्द गल्लीत कुणी कधी ऐकला नव्हता, आणि शिव्यांपेक्षा तो जास्त लागला.

काकांच्या दुकानात वरच्या मजल्यावरून तार ओढून घंटा बसली. दार आतल्या बाजूला उघडेल असं फिरवून घेतलं. आणि साखळी नव्याने बांधली गेली. डोसबाईंनी कागदावर अकरा नावं लिहिली, आणि तिचं नाव उचलून सर्वांत खाली नेलं. शिक्षा आहे का, असं शिंप्याने विचारलं, तर म्हणाल्या, "माणसाचं बोलणं बंद करता येत नाही. जागा बदलता येते. ज्याला बोलत बसायचंय, त्याने शेवटी बसावं."

शेवटची म्हणजे आता ती भाच्याला फोन करून सांगणार, साखळी पूर्ण.

पहिल्या बुधवारी तिने एवढंच सांगितलं आणि ठेवला. दुसऱ्याही. तिसऱ्याही. बेकरीत जाणं तिने बंद केलं. पाव आणायला बाबा जायला लागले, जिना उतरून, भिंतीला हात लावत. घरी पाव नसला तर चालेल असं ती म्हणाली, तर म्हणाले, तुझा तोरा चालू दे, मला टोस्ट हवा आहे. काकांच्या दुकानात ती रोज संध्याकाळी जाऊन ओले पुठ्ठे सुटे करत बसायची. काका तिच्याशी बोलत नसत, पण तिच्यासाठी स्टूल काढून ठेवत.

चौथ्या बुधवारी सकाळपासून पाऊस होता. बाराला काकांच्या दुकानात घंटा वाजली, तिच्या वरच्या माणसाचा फोन आला, आणि तिने भाच्याचा नंबर लावला.

"साखळी पूर्ण."

"बरं," तो म्हणाला. मग, "ठेवू नका."

ती थांबली. पाऊस वाढला होता. फोनमध्येही आणि दुकानाबाहेरही.

"महिना झाला," तो म्हणाला. "माझं काही चुकलं असेल तर सांगा. नाही तर निदान मी नवा चष्मा कुणाकडून करून घ्यायचा ते तरी सांगा. महिनाभर मी मामांचा लावतोय. परवा मिठाऐवजी साखर घातली."

तिला हसू आलं आणि त्याच्याच पाठोपाठ रडू आलं, आणि त्या गोंधळात जे बोलायचं नाही म्हणून ठरवलं होतं ते बोलून झालं.

"तुम्ही आत गेलात ना... तेव्हा मला काका आठवलेच नाहीत. माझ्यामुळे ते अडकले होते, म्हातारा माणूस, आणि मी त्यांना वर ओढताना दाराकडे बघत होते. तुम्ही बाहेर याल की नाही एवढंच. इतकी स्वार्थी आहे मी. ज्याच्यासाठी एकदा चूक केली, त्याच्यासाठी पुन्हा तेच केलं. मला माझीच भीती वाटते आता."

"तू फोन केलास तेव्हा माझे चार ट्रे भट्टीत होते," तो म्हणाला. "कोळसा झाले. मला भट्टी आठवली नाही. खरं सांगू, काकांचंही नंतर आठवलं. आधी एवढंच की तू त्या पायऱ्यांवर आहेस." तो थांबला. "पण आपण दोघं गेलो ना तिथे. आणि गोदामात उभी राहिलीस. घाबरत का होईना. मला अशीच माणसं माहीत आहेत, घाबरून नीट वागणारी. दुसऱ्या जातीची मला भेटलेली नाहीत."

तिने डोळे पुसले.

"लग्न करशील का माझ्याशी?"

तिच्या तोंडून शब्द निघण्याआधी वरून हाक आली. बाबा विचारत होते, गटाराचा आवाज कसा येतोय. तिने दाराकडे मान केली, ऐकलं, आणि पहिल्यांदा खरं ते सांगितलं. "वाढलाय, बाबा."

"मी पट्टा बघून येतो," फोनमधला आवाज बदलला होता. "तू ठेवू नको. तसाच धर."

त्याच्या चपलांचा आवाज तिला ऐकू आला. दाराची कडी. मग एकदम उघड्यावरचा पाऊस, छत्रीवर तडतडणारा. मग ओढा. तो आवाज तिला फोनमधूनसुद्धा ओळखू आला. पावलं थांबली. तो काही बोलेना. पाण्याचा घोष वाढत वाढत इतका झाला की त्यात एक माणूस सहज नाहीसा होईल. तिने काउंटरची कड घट्ट धरली. हाक मारावीशी वाटली, पण काय म्हणून मारणार? त्याचं नाव तिने आजवर घेतलं नव्हतं.

तिने नाव घेतलं.

"आहे मी," तो म्हणाला. धापा टाकत, अगदी कानाशी. "पिवळ्याच्या खाली आहे. चार बोटं. ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"बाबांना सांग."

"सांगते." तिने डोळे मिटले. पाऊस चालूच होता. तो पुढेही चालूच राहणार होता, या वर्षी, पुढच्या वर्षी, आणि दर खेपेला तिला असंच कान देऊन ऐकावं लागणार होतं. "आणि तुम्ही आधी छत्रीतून आत जा. भिजू नका."

"जातो. पण तू मघाचं..."

"हो," ती म्हणाली. "हो म्हणतेय ना. आत जा आधी."